नियमावर सही होईपर्यंत



कायदा झाला पण नियम नाहीत, म्हणून अंमल नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वनहक्क कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली डिसेंबर २००६ मध्ये आणि नियम यायला १ जानेवारी २००८ उजाडलं.

अमेरिकेतल्या अपंगांनी हेच भोगलं. तिथे १९७३ मध्ये कायदा झाला. त्याचं कलम ५०४ सांगत होतं की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेने, दवाखान्याने, कचेरीने अपंग माणसाला अपंग म्हणून डावलायचं नाही. पण नियमांवर सही करायला सरकार चार वर्षं टाळत राहिलं. शेवटी ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर अपंग माणसं शिरली आणि तिथेच बसली. चाकाच्या खुर्चीवरची, आंधळी, बहिरी, सगळी. औषधं नाहीत, अंथरूण नाही. सरकारने फोन तोडले, तर बहिऱ्या साथींनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप दिले. ज्यांना आपण ‘मुकं’ म्हणून बाजूला बसवतो, त्यांचीच भाषा त्या दिवशी कामी आली!

जेवण कुणी आणलं? ब्लॅक पँथरांनी. रोज, गरम. काळ्या लोकांच्या ह्याच संघटनेवरून १९७२ मध्ये आपल्या मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. त्यांचा एक कार्यकर्ता, ब्रॅड लोमॅक्स, स्वतः चाकाच्या खुर्चीवर आत बसला होता. २८ एप्रिलला मंत्र्याने सही केली, तेव्हाच माणसं उठायला तयार झाली.

त्या धरण्याच्या पुढाऱ्यांत ज्युडिथ ह्यूमन होती. लहानपणी पोलिओ झालेला. खुर्चीमुळे आगीचा धोका होईल म्हणून शाळेने तिला घेतलं नाही. मोठी झाल्यावर शिक्षिकेचा परवाना नाकारला, तेव्हा कोर्टात गेली आणि मिळवला. ती ४ मार्च २०२३ ला गेली. आपल्या देशातले जावेद अबिदी हेही ४ मार्चलाच गेले, २०१८ मध्ये. तेही खुर्चीवरचे. डिसेंबर १९९५ मध्ये दिल्लीत अपंग रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात संसदेने पहिला अपंग हक्क कायदा केला, त्यात त्यांचा मोठा वाटा. १९९१ च्या जनगणनेत अपंगांची मोजणीच नव्हती. अबिदींनी भांडून २००१ मध्ये ती करायला लावली. जो मोजलाच नाही त्याला देणार काय? २०११ ला आकडा निघाला २ कोटी ६८ लाख. त्यातली शंभरात ६९ माणसं खेड्यापाड्यातली, म्हणजे आपलीच. दोघांनाही बुलेटिनचा जोहार.

आता घरचं बोलू. २०१६ च्या नव्या कायद्यात कलम ३७ आहे. सरकारी योजनेतून शेतजमीन नाहीतर घर वाटप होत असेल, तर त्यात शंभरात ५ हिस्सा अपंगांचा, त्यातही बायांना आधी. मात्र ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. वनहक्काला हे कलम लावू नका. वनपट्टा म्हणजे वाटप नाही, आपल्या जुन्याच हक्काची मान्यता आहे. तिथे अडचण वेगळी, आणि ती आपणच केलेली. आंधळी बहीण भावासोबत जन्मभर राबते, पण दावा भावाच्याच नावावर जातो. ‘तिला काय समजतं’ म्हणतात. अहो, कायद्यात तर लिहिलंय की एकट्या माणसाच्या घराचा पट्टा त्या एकट्याच्याच नावाने करायचा. अपंग असला तर नाही, असं कुठे लिहिलंय?

वनहक्क समिती मोजणीला जाते तेव्हा ज्याला चालता येत नाही तो घरीच राहतो, आणि त्याची हद्द दुसरेच दाखवतात. आजाऱ्याला झोळीत घालून घाट उतरवणारे आपण, त्याला त्याच्याच शेतावर नेता येत नाही? बैलगाडी जाईल तिथवर गाडी, पुढे झोळी. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याजवळ खुणा जाणणारं घरचं माणूस बसवा आणि त्याचंही मत हात वर करून मोजा. सरकारने ‘दिव्यांग’ असा नवा शब्द काढलाय. काढो बापडे, पण हजेरीत नाव लावा.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने अशी यादी करावी: अपंग कोण, दाखला आहे का, जमीन कोण कसतंय, दावा कुणाच्या नावावर आहे. यादी पुढच्या अंकाआधी कचेरीत पोचवा. ज्यांचे दावे राहिलेत त्यांचे अर्ज एकदमच भरू.