एकट्या कॅरींची निवड नव्हती

देव अनपेक्षित माणसांना हाती धरतो, हे सांगताना ख्रिस्ती व्यासपीठावर विल्यम कॅरींचे नाव हमखास येते. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये जोडे शिवून पोट भरणारे कॅरी १७९३ मध्ये बंगालात उतरले आणि १८०० मध्ये श्रीरामपूरला स्थिरावले. त्यांच्या नावावर १८०५ मध्ये मराठीचे छापील व्याकरण आले, १८१० मध्ये कोश, १८११ मध्ये मराठी नवा करार. सिडनी स्मिथ या अँग्लिकन पाद्र्याने ‘एडिंबरो रिव्ह्यू’त या मिशनऱ्यांच्या मोचीकामाची टर उडवली होती. जगाने हलके मानलेल्यांना देव निवडतो, हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले होते. कॅरींकडे पाहून ते पटतेही. पण यशस्वी ठरलेल्या एकाचे नाव घ्यायचे आणि विसरल्या गेलेल्या शेकडो मोच्यांचे घ्यायचे नाही, हा कसला पुरावा, असे कोणी विचारील. यश हाच पुरावा मानला, तर हा आक्षेप बिनतोड आहे. श्रद्धेचे म्हणणे मात्र वेगळे आहे: कोण लायक, हे जन्म, धंदा आणि पदवी पाहून ठरवण्याचा हक्क माणसाचा नाही. यातून अज्ञानाला सूट मिळते, असेही नाही. जोडे शिवता शिवता कॅरी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकले होते.

मला खटकते ते हे की, आपण ही शिकवण अर्ध्यावर सोडतो. महाराष्ट्रात कधीच न राहिलेल्या माणसाला मराठी व्याकरण लिहिता आले, कारण कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात वैजनाथ पंडित त्यांच्यासोबत होते. श्रीरामपूरच्या छापखान्याचे खिळे पंचानन कर्मकारांनी आणि त्यांचे जावई मनोहर यांनी कोरले. यांतले वैजनाथ आणि पंचानन ख्रिस्ती नव्हते. मग त्यांना देवाने वापरले असे म्हणायचे का? यशयाच्या ४५व्या अध्यायात यहोवाला न ओळखणाऱ्या इराणच्या कोरेश राजाला त्याचा अभिषिक्त म्हटले आहे. शास्त्रालाच एवढी मुभा मान्य असेल, तर मंडळीने ती आखडू नये. अर्थात, आपल्या विद्येचे आणि हातांचे श्रम ‘देवाने वापरले’ हे त्या पंडितांनी किंवा कारागिरांनी स्वतः म्हटलेले नाही. आपण ते श्रद्धेने म्हणतो, म्हणून त्यांच्या कामाचे मोल चुकते करण्याची जबाबदारीही आपलीच.

कॅरींच्या पत्नी डोरोथी यांच्या बाबतीत तर मी ‘वापरले’ हा शब्दही उच्चारणार नाही. त्या भारतात यायला तयार नव्हत्या. १७९४ मध्ये त्यांचा लहान मुलगा गेला, पुढे त्यांचे मन कायमचे बिघडले आणि १८०७ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या यातनेला ईश्वरी योजनेचा भाग ठरवणे क्रूर आहे, आणि ती वगळून कॅरींचे चरित्र सांगणे खोटे आहे. दुसऱ्याला चिरडून केलेले कामही देवाने पवित्र करून घेतले, असे म्हणण्याची सोय या शिकवणीत शोधू नये. मराठी बायबलवरच्या प्रवचनात आणि अभ्यासक्रमात वैजनाथ, पंचानन, मनोहर आणि डोरोथी ही चार नावे कॅरींच्या शेजारी यायला हवीत. हे काम या वर्षीच सुरू करता येईल.