अर्थमंत्री आपल्या भागाचा असला म्हणून...



खोडव्यात पाचट कुजवायचं काम उरकलं, बगला फोडून झाल्या, आता टेंभूच्या आवर्तनाची वाट बघत बसलोय. बसलो की गप्पा होतात. परवा पारावर विषय निघाला बजेटचा. आमचे एक तात्या आहेत, ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "आरं, आपल्या भागाचा अर्थमंत्री पायजे. त्याशिवाय आपल्याकडं पैका येत न्हाई."

मी म्हटलं, "तात्या, नऊ वर्षं हुता की!"

तात्या गप्प झाले. नंतर हसले. पण मला रात्रभर त्याच विषयानं झोप लागली नाही, म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवून हे लिहितोय. ही कुठल्या पक्षाची पोस्ट नाही. ज्यांना राजकारण नको त्यांनी पुढच्या आठवड्यात हळदीच्या काढणीची नोंद वाचावी.

आपल्या सातारा-सांगलीला तिजोरीची किल्ली नवीन नाही. यशवंतराव चव्हाण मूळचे देवराष्ट्र्याचे, वाढले कराडात. १९७० ते १९७४ ते देशाचे अर्थमंत्री होते. तेव्हा देवराष्ट्र्याच्या आसपासची माळरानं पावसावर होती, आणि ताकारीची उपसा योजना आली ती १९८० च्या दशकात. केंद्राचा अर्थमंत्री गावाला पाणी देत नसतो, ते त्याचं कामच नाही, हे मान्य. मग राज्याच्या अर्थमंत्र्याचं बघू.

जयंत पाटील. वाळवा तालुक्याचे, राजारामबापूंचे चिरंजीव. मुंबईत व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर, पुढं शिकायला अमेरिकेत. १९८४ च्या जानेवारीत बापू गेले आणि ते परत आले. साखर कारखाना बघितला, १९९० ला आमदार झाले आणि २०२४ पर्यंत ओळीनं आठ वेळा निवडून आले. १९९९ च्या ऑक्टोबरात राज्याचे अर्थमंत्री झाले ते २००८ च्या अखेरपर्यंत. दोन मुख्यमंत्री झाले, विलासराव आणि सुशीलकुमार शिंदे, पण अर्थखातं त्यांच्याकडंच राहिलं. सलग नऊ बजेट मांडली. एकूण बजेटांत शेषराव वानखेडे पुढं आहेत, तेरा. २०२५ च्या मार्चला अजित पवारांनी अकरावं मांडलं. पण ओळीनं नऊ ही साधी गोष्ट नाही.

एक गोष्ट इथं ध्यानात घ्या. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत खजिनदार थेट लोक मतं देऊन निवडतात. आपल्याकडं तसं नाही. वाळव्याच्या माणसानं आमदार निवडला. त्याला अर्थमंत्री केलं मुख्यमंत्र्यांनी. म्हणजे मत देणारा एका तालुक्याचा आणि हिशेब सगळ्या राज्याचा. त्यामुळं "आपला माणूस" हे शब्द त्या खुर्चीत बसल्यावर तसेही अर्धेच खरे राहतात.

आता टेंभूकडं येऊ, कारण माझं घर तिच्यावर चालतं. कराड तालुक्यात टेंभू गावाजवळ कृष्णेवर बॅरेज, तिथनं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि पार सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यापर्यंत न्यायचं. १९९६ च्या सुमारास मान्यता मिळाली तेव्हा खर्च होता चौदाशे कोटींच्या आसपास. आज सुधारित मान्यता सात हजार कोटींच्या पुढं गेलीय. यात वाढीव गावं आहेत, महागाई आहे, पण मोठा वाटा उशिराचा आहे. काम रखडलं की सिमेंट, लोखंड, भूसंपादन, व्याज सगळं चढत जातं. उसाचं बिल उशिरा आलं की सोसायटीचं व्याज जसं चढतं, अगदी तसंच.

१९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढलं ते घाईत. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं होतं, आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. त्याआधी पाणी अडवलं नाही तर हातचं जाईल अशी भीती होती. बजेटात एवढा पैसा नव्हता म्हणून महामंडळानं सरकारच्या हमीवर रोखे विकून कर्ज उचललं. एकाच वेळी खोरंभर नारळ फुटले. धरणाच्या भिंती उठल्या, कालवे राहिले. पंपगृहं बांधली, वितरिका राहिल्या. आणि १९९९ ला आपल्या भागाचा माणूस अर्थमंत्री झाला तेव्हा रोख्यांचं व्याज आणि परतफेड तिजोरीच्या दाराशी उभी होती.

त्यात दुसरी गाठ पडली. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली, आणि २००१ पासून राज्यपाल निर्देश द्यायला लागले की सिंचनाचा पैसा अनुशेषाच्या प्रमाणात वाटा. विदर्भ-मराठवाड्यावर अन्याय झाला होता, हे खरंच आहे, त्यांच्या हक्काचं त्यांना मिळायलाच पाहिजे. पण अनुशेष मोजला कसा? जिल्ह्याच्या सरासरीवर. सांगली जिल्ह्याच्या सरासरीत वाळव्याचा कृष्णाकाठचा आडसाली ऊसही येतो आणि आटपाडी-जतचं कुसळी गवताचं रानही येतं. साताऱ्यात कराड येतं आणि माण-खटावही येतं. सरासरी काढली की माण, खटाव, जत, आटपाडी कागदावरनं पुसली जातात. वाळव्याला कृष्णा आणि वारणा दोन्हीकडनं. तिथल्या शेतकऱ्याला पाणी जास्त झाल्यानं रान खारपड व्हायची चिंता, आणि चाळीस-पन्नास मैलांवर जनावरं छावणीत. दोघांचा जिल्हा एक, अर्थमंत्रीही एकच.

म्हणजे ज्याच्या सहीनं पैसा सुटतो त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या योजनेला हवा तेवढा पैसा द्यायला त्याचे हात मोकळे नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही. २००८ ला त्यांनी खातं सोडलं तेव्हा टेंभू अर्धवटच होती. नऊ वर्षं खात्यात असलेल्या माणसानं जिल्ह्याऐवजी तालुका मोजा हा मुद्दा इतका लावून धरायला हवा होता की त्याशिवाय बजेटचं भाषणच लोकांना आठवू नये. तसं काही लोकांना आठवत नाही. आठवतात ते नागनाथअण्णा, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख आणि तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा. १९९३ पासून आटपाडीत माणसं जमत राहिली, समन्यायी वाटप मागत राहिली. पाणी आलं त्यात त्या रेट्याचा वाटा कुठल्याही मंत्र्यापेक्षा कमी नाही, असं माझं मत. पुढं टेंभूला केंद्राची मदत मिळाली, तेव्हा कामाला पुन्हा वेग आला.

मग त्या नऊ वर्षांत अर्थखात्यानं केलं काय? केलं, नाही असं नाही. १ एप्रिल २००५ ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, तरी लागू झाला. वित्तीय शिस्तीचा कायदा झाला. २००६-०७ आणि २००७-०८ ला राज्याचं महसुली खातं शिलकीत आलं. देशभर तेजी होती, त्याचा हात होताच, पण वहीत शिल्लक दिसली ही गोष्ट खरी. आणि त्याच वर्षांत यवतमाळ-अमरावतीकडं कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. दोन्ही एकाच राज्यात, एकाच वेळी. शिल्लक दिसण्याचं एक कारण असंही असतं की खर्च करायचा तिथं झालेला नसतो. आपल्या सोसायटीच्या ताळेबंदाला नफा दिसतो आणि सभासदाला पीककर्ज मिळत नाही, हे आपण बघतोच की.

आता माझं स्वतःचं. दोन एकर खोडव्याला ठिबक केलं. लॉटरी लागली, पूर्वसंमती आली, दुकानदाराला पूर्ण पैसे मोजले, बिलं चढवली, मोका तपासणी झाली. चौदा महिने झाले. ऑफिसात विचारलं की एकच वाक्य, "निधी उपलब्ध झाला की जमा होईल." साहेब वाईट नाहीत, चहा पाजतात. त्यांच्याकडं खरंच पैसा आलेला नाही. बजेटात तरतूद होती, मी स्वतः वाचली होती.

इथंच आपण चुकतो. तरतूद म्हणजे पैसा नव्हे. विधानसभेत आकडा मंजूर होतो, त्यानंतर वित्त विभाग बीम्स नावाच्या प्रणालीवर किती टक्के रक्कम सोडायची ते ठरवतो. सोडली तेवढीच कोषागारातनं निघते. बाकीची वर्षाअखेरपर्यंत लटकते, नाहीतर कापली जाते. सगळ्यात ठळक उदाहरण २०२० चं. मार्चमध्ये बजेट झालं आणि ४ मेला वित्त विभागाचा शासन निर्णय आला की तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल. कोरोना होता, कारण योग्य होतं. पण बघा, भाषण दोन तास टीव्हीवर, आणि कात्री एका शासन निर्णयावर. अर्थमंत्र्याची खरी ताकद त्या टक्क्यात आहे. २०२५-२६ च्या बजेटात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर आणि कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढं दाखवलंय. तूट एवढी असताना कात्री कुणावर चालणार? पगार, पेन्शन, व्याज यांना हात लावता येत नाही. उरतं ठिबक, शेततळं, पाणंद रस्ता.

अर्थमंत्र्याचं आणखी एक काम आहे, जे आपल्याला दिसतच नाही. २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला आणि बराचसा कर ठरवायचा अधिकार परिषदेत गेला. तिथं केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव तीन चतुर्थांशनं होतो. आपला मंत्री तिथं काय बोलतो हे कुणी विचारत नाही. पण डिसेंबर २०२४ ला त्याच परिषदेनं खुलासा केला की शेतकऱ्यानं स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. तासगाव-सांगलीच्या बेदाणावाल्यांना याचं मोल सांगायला नको. बजेटच्या भाषणातल्या वीस घोषणांपेक्षा हा एक खुलासा माझ्या द्राक्षवाल्या मेहुण्याला जास्त कामाचा.

तात्यांना सकाळी मी एक नाव सांगितलं. वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. ते कधी अर्थमंत्री नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते, १९६० ते १९७८. रोजगार हमी त्यांची कल्पना. १९७२ च्या दुष्काळात अशाच कामांवर लाखो माणसं जगली. तात्या स्वतः त्या खडीवर होते, दोन्ही तळहात दाखवले मला. पण पागेंच्या योजनेतली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट पैशाची आहे. १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातनं कापायचं आणि ते रोजगार हमीला. पुढं १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानं निधी बांधला. कराची रक्कम त्यात जाईल आणि तेवढीच सरकार स्वतःची घालेल. काम मागणं हा हक्क झाला आणि त्या हक्काच्या नावानं पैशाचा झरा बांधला. अर्थमंत्री बदलले, पक्ष बदलले, कायदा राहिला.

हेच मला आज हवंय. उपसा योजनेच्या वीजबिलाचं ८१-१९ घ्या. ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के आपण पाणीपट्टीतनं. चांगला निर्णय. पूर्वी बिल थकायचं, पंप बंद पडायचे, मग टंचाई निधीतनं भरा म्हणून मोर्चे निघायचे. पण हे ८१ दरवर्षीच्या तरतुदीवर उभं आहे, आणि तरतुदीचं काय होतं ते वर लिहिलंच. ते कायद्यानं बांधलेल्या वेगळ्या निधीत घाला. ठिबकाचंही तसंच. पूर्वसंमती दिली म्हणजे सरकारनं देणं कबूल केलं. मोका तपासणीनंतर ठरावीक दिवसांत रक्कम नाही आली तर व्याज लावा. आपण वीजबिल, सोसायटी, पाणीपट्टी उशिरा भरली की लावतातच की.

तात्या म्हणाले, "असं कुणी करंल का?" मी म्हटलं, पागेंनाही लोक हेच म्हणाले असतील.

तर एक काम करायचंय. ज्यांचं ठिबक, तुषार, शेततळं, यांत्रिकीकरण यांचं अनुदान मोका तपासणी होऊनही अडकलंय त्यांनी तालुका, पूर्वसंमतीचा महिना आणि रक्कम एवढंच लिहून पाठवा. नाव, सातबारा, आधार काही नको. कृषी सहायक मंडळी हे पान वाचतात, त्यांनाही विनंती, गावनिहाय आकडा देता आला तर द्या, तुमचं नाव कुठं येणार नाही. पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्याआधी कडेगाव, खानापूर, आटपाडी, माण, खटाव अशी तालुकावार यादी करून आपापल्या आमदाराच्या हातात द्यायची. माझी पहिली नोंद: कडेगाव, चौदा महिने, दोन एकर.