केवळ चेंडू दिल्याने खेळाडू घडत नाही
राजगडाच्या वाटेवरील मार्गासनीसारख्या गावातील मुलांना दमसास शिकवावा लागत नाही. चढणीने तो दिलेलाच आहे. उणीव आहे ती मार्गदर्शकाची. बास्केटबॉलला साहित्य ते किती? ३.०५ मीटर उंचीवर रिंग आणि एक चेंडू! परंतु नुसते सामने खेळविणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आधी धावता धावता तोल सावरून थांबणे, एका पायावर वळणे, दोन्ही हातांनी ड्रिबल करणे. मग रिंगजवळून अचूक फेक, आणि ती साधल्यावरच एकेक पाऊल मागे. फ्री थ्रोचा सराव दमल्यावर घ्यावा, कारण सामन्यात तो बहुधा दमलेल्या खेळाडूच्याच वाट्याला येतो. पुण्याच्या शिरीन लिमये भारतीय महिला संघाच्या कर्णधार झाल्या. मार्गासनी त्याच जिल्ह्यात आहे. सायंशाखेवर मुलांना रोज तासभर खेळविणाऱ्या कार्यकर्त्यांनी शहरातील एखादा जुना खेळाडू गाठावा आणि दर रविवारी त्याला येथील मैदानावर आणावे.