भटक्या-विमुक्त मुलांना शाळेत समान वागणूक मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

दिनांक : ३१ ऑगस्ट (विमुक्त दिन)

विषय : भटक्या-विमुक्त व पारधी समाजातील मुलांशी शाळेत होणारा भेदभाव थांबवणे, तसेच या समाजांविषयीच्या दृष्टिकोनाची राज्यव्यापी पाहणी करणे.

मा. महोदय,

आम्ही सोलापूर व मराठवाड्यातील पारधी, कैकाडी, वडार आणि डोंबारी वस्त्यांवरचे पालक व तेथील मुलांना शिकवणारे शिक्षक हे निवेदन सादर करीत आहोत.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्माला येणाऱ्या मुलाच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का मारला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट पुढे याच कायद्याच्या सुधारित रूपातून उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्याला सात दशके उलटली, पण गावाच्या मनातला संशय गेलेला नाही आणि तो गावातून शाळेत येतो.

एक प्रसंग आपल्या निदर्शनास आणतो. एका शाळेत पाचवीच्या वर्गात सहलीसाठी जमा केलेले पैसे सापडेनात. वर्ग भरलेला असताना दप्तरे मात्र दोनच उलटी केली गेली. दोन्ही पारधी वस्तीवरच्या मुलींची. दुपारी पैसे कपाटातल्या वहीत मिळाले. मुलींना कुणी काही बोलले नाही, सहलीची तयारी पुढे सुरू झाली. त्यातली एक मुलगी नंतर शाळेत आली नाही. पटावर तिच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ एवढाच शेरा आहे.

या प्रसंगात कुणी जातीचा उल्लेख केला नाही, शिवी दिली नाही, हात उगारला नाही. त्यामुळे तक्रार नेमकी कशाची करायची, हे पालकांना कळत नाही आणि अधिकाऱ्यांच्या लेखी काही घडलेलेच नसते. शाळेत खोल्या किती, स्वच्छतागृहे किती, ही माहिती दरवर्षी शासनाच्या युडायस या माहिती प्रणालीत भरली जाते. कोणते मूल कोणाशेजारी बसते, पोषण आहार वाढायला कोणाला बोलावतात, वस्तू हरवली की नजर कोणाकडे वळते, याची नोंद कुठेच होत नाही. ज्याची नोंद नाही त्यावर उपायही होत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ ने वंचित घटकातील मुलांशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर (कलम ८) आणि स्थानिक प्राधिकरणावर (कलम ९) टाकली आहे. कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. चोरीच्या संशयावरून जात किंवा वस्ती पाहून मुलांची झडती घेणे हा कलम १७ खालील मानसिक छळ मानला जाईल, असे स्पष्ट परिपत्रक काढावे.

२. शिष्यवृत्तीची माहिती घेताना ‘व्हीजेएनटीवाले उभे राहा’ असे भर वर्गात सांगणे बंद करावे. ही माहिती पालकांकडून कार्यालयात घ्यावी.

३. जन्मदाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारला जाऊ नये. कलम ५ व १४ मध्ये तशी तरतूद असूनही पालकांना हेलपाटे घालावे लागतात. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना गाव सोडण्यापूर्वीच शिक्षण हमी कार्ड मिळावे.

४. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने विद्यापीठांच्या मदतीने शिक्षक, पालक व विद्यार्थी यांच्या दृष्टिकोनाची पाहणी करावी. ‘तुम्ही भेदभाव करता का?’ असे विचारल्यास सगळेच ‘नाही’ म्हणतील. म्हणून प्रश्न प्रत्यक्ष प्रसंगांवर बेतलेले असावेत. उत्तरे निनावी असावीत, प्रश्नावली तयार करताना आमच्या समाजातील अभ्यासकांना सोबत घ्यावे आणि कोणत्याही मुलाची माहिती पोलिसांकडे जाणार नाही, याची लेखी हमी द्यावी. अहवाल जाहीर करून तीन वर्षांनी हीच पाहणी पुन्हा करावी, म्हणजे फरक पडला की नाही ते समजेल.

५. सेवापूर्व व सेवांतर्गत प्रशिक्षणात १८७१ चा कायदा व विमुक्तांचा इतिहास शिकवावा. पारधी बोली गुजरातीला जवळची, कैकाडी तमिळला जवळची. पहिलीतले मूल गप्प बसते ते मंद असते म्हणून नव्हे, तर वर्गाची मराठी त्याच्या घरात नसते म्हणून. पहिली-दुसरीसाठी या बोलींतील पूरक साहित्य तयार करावे.

६. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत वंचित घटकातील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे आणि सभा मजुरी बुडणार नाही अशा वेळी घ्यावी.

७. कलम ३२ खालील तक्रारींवर तीन महिन्यांत निर्णय होतो की नाही, याचा तालुकानिहाय तपशील दरवर्षी प्रसिद्ध करावा. ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारण्यापूर्वी मुलाच्या घरी भेट देऊन कारण नोंदवणे बंधनकारक करावे.

यातील पहिल्या दोन मागण्यांना निधी लागत नाही. त्यांचे परिपत्रक दिवाळीच्या सुट्टीपूर्वी काढावे. उर्वरित मागण्यांबाबत आमच्या प्रतिनिधींसोबत बैठक घेऊन कालबद्ध कार्यक्रम लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
वस्त्यांवरील पालक व शिक्षक
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत.)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
१. मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
२. मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग, मुंबई