दोन भेटींच्या मधले दिवस

तरुण वयात या देशी आलेली आपली पिढी आता वार्धक्यात आली आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया, पक्षाघात, आखडलेला खांदा ही नावे आपल्या घरांतून वरचेवर ऐकू येतात. अशा वेळी डॉक्टर जी उपचारपद्धती लिहून देतात, तिला आपण मुंबईत फिजिओथेरपी म्हणत असू. येथे फिजिकल थेरपी म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा जावे, पाऊण तास व्यायाम करून यावे, असा तिचा सर्वसाधारण क्रम. पण आठवड्याचे तास १६८. तीन भेटी धरल्या तरी थेरपिस्टच्या वाट्याला त्यांतले सव्वादोनच येतात. बाकीचे सारे घराचे असतात.

आम्हा शिक्षकांस यात नवल वाटत नाही. गणिताची रीत फळ्यावर दाखविता येते. ती अंगी बाणते घरच्या सरावाने. थेरपिस्ट सांधा किती वाकतो ते मोजतो, चुकलेली हालचाल सुधारतो व पुढचा पाठ देतो. स्नायूंस बळ मात्र नित्याच्या श्रमानेच येते. पक्षाघातानंतर मेंदूही पुनःपुन्हा केलेल्या हालचालींतूनच नवी वाट शोधतो.

येथे आपल्या घरांतील एका जुन्या समजाविषयी बोलणे भाग आहे. आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला जागचे हलू न देणे, असे आपण मानत आलो. मुलगी पाणी हाती आणून देते, सून ताट खाटेवर नेते, कोणी प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवितो. माया खरी, परंतु गुडघा बदललेल्या माणसाचा पाय उशीवर वाकलेलाच राहिला, तर तो पुढे सरळ होण्यास अडतो. उशी टाचेखाली हवी, गुडघ्याखाली नको.

या देशाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध उदाहरण येथे आठवते. १९२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय लुळे पडले. निदान पोलिओचे झाले. मुलाने राजकारण सोडून हाइड पार्कच्या घरी स्वस्थ राहावे, अशी आई सारा यांची इच्छा. पत्नी एलिनॉर व सहकारी लुई हाउ यांनी ते मानले नाही. रूझवेल्ट पायांना पोलादी आधार बांधून, कुबड्या घेऊन चालण्याचा सराव करीत राहिले. १९२४ पासून ते जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे झऱ्याच्या कोमट पाण्यात व्यायाम करू लागले. १९२७ मध्ये तेथे त्यांनी पोलिओग्रस्तांसाठी संस्था स्थापिली. पायांत पूर्वीचे बळ कधीच आले नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि १९३२ मध्ये तेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. आईचे प्रेम पत्नीच्या प्रेमाहून उणे नव्हते. पण कामास आले ते उठविणारे प्रेम.

मग घरी करावे तरी काय? सांगितलेला व्यायाम एका दमात न उरकता दिवसातून दोन-तीनदा, चहाच्या किंवा जेवणाच्या वेळेशी जोडून करावा व वहीत नोंदवावा. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या किती आधी घ्यावी, हे डॉक्टरांस विचारून ठेवावे. स्नायू ओढल्यासारखे वाटणे अपेक्षितच आहे. कळ तीव्र असेल किंवा दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले असेल, तर व्यायाम थोडा कमी करून थेरपिस्टला कळवावे. सूज आल्यास पाय उंच ठेवून टॉवेलात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा. जमिनीवरचे सुटे गालिचे उचलावेत, न्हाणीघरात धरावयास दांडा बसवावा. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असता मॉलमध्ये फिरावे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. धाप लागली वा छातीत दुखले तर ९११ ला फोन करावा.

आणखी एक अडचण भाषेची. आपली वडीलधारी माणसे थेरपिस्टपुढे मान डोलावून "येस, येस" म्हणतात आणि घरी आल्यावर विचारतात, "तो काय म्हणाला?" १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये, सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषा विनामूल्य देणे आवश्यक आहे, तो मागण्यात संकोच नसावा. व्यायामाचा कागद मराठीत, ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा. तसेच, प्रकृतीत सुधारणा होत नाही एवढ्याच कारणावरून मेडिकेअरने थेरपी नाकारू नये, हे २०१३ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने स्पष्ट झाले आहे. असलेली स्थिती टिकविण्यासाठी प्रशिक्षित हाताची गरज असली, तरी ती मिळू शकते.

थेरपिस्ट पहिल्याच भेटीत बहुधा विचारतो, तुम्हांला पुन्हा काय करता यावयास हवे? उत्तर आपल्या जीवनातलेच द्यावे: सिनेगॉगच्या पायऱ्या चढावयाच्या आहेत, रोश हशानाला ओट्याशी उभे राहून चिकाचा हलवा घोटावयाचा आहे. त्या दिवशी आजी पातेल्यापाशी उभी राहिली, तर लेकीसुनांनी तिच्या हातचा कालथा काढून घेऊ नये. मागे खुर्ची तेवढी ठेवावी.