पुस्तकांची कपाटे अंधारातच का हलवतात?

२९ मे २०१२ रोजी उजाडण्यापूर्वी लंडनच्या ब्रेंट नगरपालिकेची माणसे पोलीस बरोबर घेऊन केन्सल राइजच्या सार्वजनिक वाचनालयात शिरली आणि पुस्तके भरून घेऊन गेली. दिवसाढवळ्या का नाही? कारण आदल्या ऑक्टोबरात टाळे लागल्यापासून लोक दारात पहारा देत होते, बाहेर स्वतःची पुस्तके मांडून वाचनालय चालवीत होते. न्यायाचे काम असते तर अंधार कशाला लागला असता?

हे वाचनालय १९०० साली मार्क ट्वेन या थोर अमेरिकन लेखकाच्या हस्ते उघडले होते. २०११ साली नगरपालिकेने आपल्या १२ वाचनालयांपैकी ६ बंद करण्याचे ठरवले. सबब एकच, पैसा नाही! २००८ साली बँका कोसळल्या, २०१० नंतर लंडनच्या सरकारने नगरपालिकांची अनुदाने छाटली. बुडवले पेढीवाल्यांनी, भरपाई केली शाळकरी पोरांनी. वाचनालयाची पुरेशी सोय करणे हे तिथे १९६४ च्या कायद्याने नगरपालिकेचे कर्तव्य आहे. तरीही लोक हायकोर्टात हरले, अपिलातही हरले.

'वाचक कमी झाले' ही तक्रार सगळीकडच्या कारभाऱ्यांना पाठ असते. आधी वेळ कमी करायची, नवी पुस्तके थांबवायची, वर्तमानपत्रे तोडायची, मग रिकामी बाके दाखवायची. खाजनाच्या बांधाची डागडुजी एक वर्ष टाळली तर वहीत शिल्लक दिसतेच की! खारे पाणी भातात शिरते ते त्या वहीत कुठे असते? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याचे काही अडत नाही. अडते ते रांपणीवर जाणाऱ्याच्या मुलीचे, जिला अभ्यासाला दिवा आणि मेज वाचनालयातच मिळते.

आता नीट ऐका. केन्सल राइजची जमीन ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजने वाचनालयासाठीच दिली होती. वाचनालय मोडले तसा ताबा कॉलेजकडे परत गेला आणि इमारत बिल्डरला विकली गेली. लोकांच्या चिकाटीने २०१९ मध्ये तिच्या एका भागात वाचनालय पुन्हा उघडले, पण ते स्वयंसेवकांनी चालवायचे! म्हणजे कर भरायचा आणि वर फुकट राबायचे.

म्हणून आपल्या गावच्या वाचनालयाची जागा कोणाच्या नावावर, कोणत्या अटीवर आहे, तो कागद येत्या ग्रामसभेत मागा. टाळे लागल्यावर मागून उपयोग नाही.