गट पडतात त्यापूर्वीच

१४ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताचा २-१ असा पराभव केला आणि २०२७ च्या आशिया चषकाची भारतीय पुरुष संघाची आशा संपुष्टात आली. चौदाव्या मिनिटाला छांगटेने केलेल्या गोलामुळे मिळालेली आघाडी मध्यंतरापर्यंतही टिकली नाही. पुढच्याच महिन्यात ढाक्याला बांगलादेशाने भारताला १-० असे नमवले. २००३ नंतर प्रथमच त्यांना हा विजय मिळाला. साठ लाख वस्तीचे सिंगापूर गटातून पुढे गेले आणि शंभर कोटींहून अधिक लोकांचा देश मागे राहिला.

अशा पराभवानंतर विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. प्रशिक्षक बदलावा काय? वय झालेल्या खेळाडूला पुन्हा बोलावणे योग्य होते काय? आणि पात्रता फेरीचे नवे गट जाहीर झाले की कोणत्या देशाला किती संधी, याची भाकिते करणारे पंडित पंचांग उघडून बसतात. या भाकितांत एक गोष्ट सहसा नसते. संघाची संधी जितकी खेळाडूंच्या पायांत असते, तितकीच ती चेंडू मैदानात येण्यापूर्वी केलेल्या वाटपात असते. जागा कोणी वाटल्या, मैदान कोणाच्या ताब्यात आहे आणि खेळाची मालकी कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून संधीची चर्चा निरर्थक ठरते. समाजवाद्यांना हे नवे नाही. परीक्षा सर्वांना सारखी असली म्हणजे समता आली, असे आपण शिक्षणाच्या बाबतीत कधी मानले नाही. मग खेळाच्या बाबतीत का मानावे?

प्रथम जागांचा प्रश्न घेऊ. १९६६ च्या विश्वचषकासाठी फिफाने सोळा जागांपैकी दहा युरोपला आणि चार दक्षिण अमेरिकेला दिल्या. आफ्रिका, आशिया व ओशिआनिया या तीन खंडांना मिळून एकच जागा ठेवली. आफ्रिकेतील गटांतून विजयी होणाऱ्या देशाने पुन्हा आशियाच्या विजेत्याशी झुंजावे आणि मगच इंग्लंडची वाट धरावी, अशी ही योजना होती. त्या काळात आफ्रिकेत एकामागून एक देश स्वतंत्र होत होते. एन्क्रुमांच्या घानाने १९६३ आणि १९६५ मध्ये आफ्रिकेचे विजेतेपद मिळवले होते. घानाचे क्रीडाप्रमुख ओहेने जान यांनी या वाटपाविरुद्ध आवाज उठवला आणि अखेर आफ्रिकेतील पंधराही देशांनी पात्रता फेरीवर बहिष्कार टाकला. त्यांचा आक्षेप केवळ जागांपुरता नव्हता. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवरील निलंबन १९६३ मध्ये उठवून फिफाचे इंग्रज अध्यक्ष स्टॅन्ली राऊस यांनी आपली सहानुभूती कोठे आहे हे दाखवून दिले होते; पुढच्याच वर्षी ते निलंबन पुन्हा लागू करणे फिफाला भाग पडले.

आफ्रिका नसलेल्या त्या स्पर्धेत घडले काय? एकमेव जागेवर उत्तर कोरियाचा संघ आला, आणि पंडितांच्या हिशेबात कोठेही नसलेल्या त्या संघाने मिडल्सबरोच्या मैदानावर इटलीला १-० असे घरी पाठवले. उपान्त्यपूर्व सामन्यात पोर्तुगालविरुद्धही तो ३-० असा पुढे होता. तेथून सामना फिरवला तो युसेबिओने, एकट्याने चार गोल करून. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे नऊ गोल याच खेळाडूचे होते, आणि त्याचा जन्म मोझांबिकमध्ये, आजच्या मापुटो शहरात झाला होता. ज्या खंडाला एक स्वतंत्र जागा देण्याइतकी पात्रता नाही असे ठरवण्यात आले, त्याच खंडाचा पुत्र वसाहतवादी सत्तेचा सदरा घालून त्या स्पर्धेचा सर्वश्रेष्ठ गोलकर्ता ठरला. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या वाटपाचा याहून मोठा उपहास कोणता?

बहिष्काराचे फळ लवकरच मिळाले. १९७० च्या स्पर्धेत आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली आणि मोरोक्कोचा संघ मेक्सिकोला गेला. २०२२ मध्ये याच मोरोक्कोने उपान्त्य फेरी गाठली. आधी गुणवत्ता सिद्ध करा, मग जागा मागा, असे सांगणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. जागा आधी मिळाली, गुणवत्ता तिच्यामागून वाढली.

२०२६ च्या विश्वचषकात संघ अठ्ठेचाळीस करण्यात आले. थेट जागांपैकी युरोपच्या ५५ देशांना १६, आफ्रिकेच्या ५४ देशांना ९, आशियाच्या ४६ देशांना ८ आणि दक्षिण अमेरिकेच्या अवघ्या १० देशांना ६ मिळाल्या. म्हणजे दक्षिण अमेरिकेत दहातील सहा जण थेट जातात, आफ्रिकेत सहांतून एक. दक्षिण अमेरिकेचा खेळ श्रेष्ठ आहे हे कोणीही मान्य करील. परंतु तेथे सहावा येणाऱ्याचा मार्ग मोकळा आणि आफ्रिकेत आपल्या गटात दुसरा येणाऱ्याची वाट बिकट, हे अंतर निव्वळ खेळाच्या दर्जाने स्पष्ट होत नाही. त्यात मानांकनाची उतरंड येते. मानांकनाप्रमाणे देशांचे थर पाडून प्रत्येक थरातून एक देश गटात टाकला जातो. वरच्या थरातले एकमेकांना टाळतात, सोपे सामने जिंकतात, आणि जिंकल्यामुळे वरच्याच थरात राहतात.

जागा वाढल्या हे चांगलेच झाले. मात्र त्या कोणत्या व्यवहारातून वाढल्या हे विसरता येत नाही. १९७४ मध्ये राऊस यांना हरवून अध्यक्ष झालेल्या ब्राझीलच्या हावेलांज यांनी आफ्रो-आशियाई मतांच्या बळावर निवडणूक जिंकली, दिलेल्या शब्दाप्रमाणे संघ वाढवले, आणि त्याच दाराने मोठमोठ्या कंपन्यांचा पैसा खेळात आणला. दाराबाहेरच्यांना आत घेतले ते बाजार मोठा करण्यासाठी. अशा उदारपणाची मर्यादाही मग बाजाराच्या व सत्तेच्या सोयीनेच ठरते.

हैतीचे उदाहरण पाहा. सशस्त्र टोळ्यांनी राजधानी वेठीस धरल्यामुळे हैतीला आपल्या मायभूमीत एकही पात्रता सामना खेळता आला नाही. त्यांचे 'घरचे' सामने क्युरासाओ बेटावर झाले. अशा अवस्थेत १८ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाराग्वाला २-० असे हरवून हैती १९७४ नंतर प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरले. तो दिवसही लक्षात ठेवण्याजोगा. १८०३ साली याच तारखेला व्हेर्तिएरच्या लढाईत हैतीच्या बंडखोर गुलामांनी नेपोलियनच्या फौजेचा निर्णायक पराभव केला होता. परंतु यजमानांपैकी एक असलेल्या अमेरिकेने जून २०२५ मध्येच हैतीच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली होती. खेळाडूंना तीतून सूट होती, सामान्य प्रेक्षकांना नव्हती. संघ यावा, त्याची जनता येऊ नये, असा हा पाहुणचार.

पॅलेस्टाईनची कथा याहून कठोर आहे. या संघाने सप्टेंबर २०२४ मध्ये सोलमध्ये जाऊन दक्षिण कोरियाला ०-० असे रोखले, नोव्हेंबरात पुन्हा १-१ असे रोखले. त्याचेही घरचे सामने परमुलखात झाले, कारण घरी मैदान उरले नव्हते. गाझात तर घरेच उरली नव्हती. १० जून २०२५ रोजी अम्मानमध्ये ओमानविरुद्ध एक विजय मिळता तर पुढची फेरी हाती येत होती. पॅलेस्टाईन १-० असे पुढे होते. नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर, वाढीव वेळेत ओमानला पेनल्टी मिळाली आणि स्वप्न मोडले. पेनल्टीला दोष देऊन हा विषय संपत नाही. ज्या संघातील खेळाडूंना सरावाच्या वेळी घरच्यांच्या जिवाची खात्री नव्हती, त्याची 'संधी' कोणत्या गणिताने मोजावयाची? तरीही तो संघ वाढीव वेळेपर्यंत पुढे होता, हीच खरी नोंद.

आता आपल्याकडे वळू. जगाच्या विषमतेचा हा पाढा वाचून झाल्यावर भारतानेही स्वतःला त्या वंचितांच्या रांगेत उभे करावे, असा मोह होईल. तो अप्रामाणिक ठरेल. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत मानांकनाच्या दुसऱ्या थरात होता. कतार, कुवेत व अफगाणिस्तान यांच्या गटातून दोन संघ पुढे जाणार होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतमध्ये जाऊन भारताने १-० असा विजय मिळवला तेव्हा दार अर्धे उघडलेच होते. त्यानंतर अफगाणिस्तानशी त्यांचा 'घरचा' सामना सौदी अरेबियातील अभा येथे ०-० असा सुटला, आणि मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीला, आपल्याच प्रेक्षकांसमोर, भारत त्यांच्याकडून १-२ असा हरला. सहा सामन्यांत आपले गोल तीन. अखेरच्या सामन्यात दोह्याला मैदानाबाहेर गेलेल्या चेंडूवर कतारला गोल दिला गेला. तो अन्याय खराच. पण ज्या संघाने गुवाहाटीत तीन गुण राखले असते, त्याच्यावर दोह्यातील पंचाच्या दयेची पाळी आली नसती. आशिया चषकाच्या पात्रता फेरीत तर भारत आपल्या गटात सर्वांत वरच्या थरातून उतरला होता. उतरंड आपल्या बाजूची होती. पाय घसरला तो आपला.

याचे कारण खेळाच्या मालकीत शोधावे लागेल. २०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांना आपले व्यापारी हक्क एका खाजगी भागीदाराच्या हवाली केले. त्यातून २०१४ मध्ये झगमगाटाची नवी लीग उभी राहिली. तिच्यात कितीही हरले तरी खाली उतरण्याची भीती कोणा मालकाला नव्हती, आणि अनेक वर्षे खालून वर चढण्याचा मार्ग कोणा गरीब क्लबाला नव्हता. जुन्या लीगला दुय्यम स्थान देण्याची योजना पुढे आली तेव्हा, २०१६ मध्ये, गोव्यातील धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या जुन्या क्लबांनी निषेध म्हणून माघार घेतली. ज्या गोव्याने देशाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले, त्याच गोव्याच्या भूमीवर नऊ वर्षांनी सिंगापूरने आपल्याला हरवले, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल काय? आणि २०२५ मध्ये तो करार संपत आला तेव्हा देशातील प्रमुख लीगचा हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. राष्ट्रीय खेळ भाडेपट्ट्याने दिला की पट्टा संपताच घर रिकामे होते.

लोकांना खेळाची आवड नाही, ही सबबही खरी नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांतील तालमींचे संघ उतरतात तेव्हा गर्दी आवरावी लागते. कोलकाता, केरळ, मणिपूर, मिझोराम यांच्याविषयी तर सांगावयास नको. १९५० मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे भारताला न खेळताच विश्वचषकाचे दार उघडले होते, आणि आपण गेलो नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून, ही केवळ दंतकथा. महासंघाच्या कारभाऱ्यांना ऑलिंपिक अधिक महत्त्वाचे वाटले. लोक होते, खेळाडू होते. निर्णय लोकांच्या हाती नव्हता. ही रीत पाऊणशे वर्षांत बदललेली नाही.

या चित्राला एक उजळ बाजू आहे आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे भारतीय स्त्रियांच्या संघाने यजमानांना २-१ असे हरवले आणि पात्रता फेरीतून आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळवला. थायलंड दोन वेळा विश्वचषक खेळलेला, मानांकनात बराच वरचा संघ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्याच गटात मंगोलियाविरुद्ध तेरा, इराकविरुद्ध पाच, तिमोरविरुद्ध चार गोल करून या मुली तेथवर आल्या होत्या. पुरुषांच्या लीगवर जो पैसा आणि प्रकाश ओतला गेला, त्याचा अल्पांशही त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. ही गोष्ट त्यागाचे कौतुक करण्यासाठी सांगत नाही; वंचनेने माणसे जिंकतात असे म्हणणे हा वंचनेचा बचाव होय. ज्यांना इतके थोडे देऊन इतके मिळाले, त्यांना त्यांचा हक्काचा वाटा दिला तर काय होईल, एवढाच आमचा प्रश्न आहे. अफगाण भगिनींचा संघ तर त्या पात्रता फेरीत नव्हताच, याचीही येथे आठवण ठेवली पाहिजे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा व वस्त्यांसाठी सार्वजनिक मैदाने राखावीत आणि ती बिल्डरांच्या घशात जाऊ देऊ नयेत. तळापासून शिखरापर्यंत चढउतारास मोकळी अशी लीगची एकच शिडी असावी. महासंघाच्या कारभारात खेळाडू व लहान क्लब यांना खरे प्रतिनिधित्व असावे आणि प्रत्येक कराराचे कागद लोकांपुढे यावेत. स्त्रियांच्या संघाला पुरुषांइतकेच सामने, सराव व मानधन मिळावे. आणि जगाच्या व्यासपीठावर भारताने जागांच्या न्याय्य वाटपासाठी, तसेच मायभूमीत खेळू न शकणाऱ्या संघांच्या बाजूने, स्पष्ट आवाज उठवावा. एकेकाळी आफ्रिकेच्या पंधरा देशांनी जे धैर्य दाखवले, त्याचा काही अंश तरी आपल्याकडे असावयास हवा.

पुढच्या पात्रता फेरीचे गट पडतील, पंडित पुन्हा शक्यता वर्तवतील. त्यापूर्वी गावातले मैदान कोणाच्या नावावर आहे, एवढे प्रत्येकाने एकदा तलाठ्याकडे जाऊन पाहावे. आपल्या संधीचा पहिला कागद तेथे आहे.